इंजिनात अडकलेला चौथा कोपरा

मी एक जुनी चिंधी आहे आणि मला तीनच कोपरे आहेत. चिंधीचे कोपरे कोण मोजत बसतो, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पण एके दिवशी माझ्या हरवलेल्या चौथ्या कोपऱ्यासाठी तीन मोठी माणसे एका मोटारीभोवती श्वास रोखून उभी राहिली होती, आणि मी शेजारच्या पत्र्याच्या थाळीत पडून त्यांच्याहून जास्त घाबरले होते. मित्रांनो, तीच हकीकत तुम्हाला सांगते. माझा स्वभाव मुळातच भित्रा आहे, तेव्हा सांगता सांगता माझा आवाज कापला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कापडगिरणीत झाला. तेव्हा मी चिंधी नव्हते, निळ्यापांढऱ्या चौकटींची ऐसपैस चादर होते. एका मोटार मिस्त्रीच्या बायकोने मला दुकानातून निवडून आणले आणि आपल्या मुलीच्या पलंगावर घातले. मुलगी मोठी वांड होती. ती माझ्यावर उड्या मारी, माझ्यावर अभ्यास करी आणि पेनातली शाई सांडली की तिथे उशी ठेवून साळसूदपणे बसून राही. सहासात वर्षांत मी मधोमध इतकी विरले की माझ्यातून गादी दिसू लागली. मग एका दुपारी त्या बाईने कात्री घेतली, माझा विरलेला भाग काढून टाकला आणि चांगल्या कडांचे बारा चौकोनी तुकडे केले. एका चादरीच्या अशा रीतीने बारा बहिणी झाल्या. त्यांतली मी एक.

कात्रीचे मला फार दुःख झाले नाही. खरे आश्चर्य पुढेच वाटले. बाईने आम्हा बाराजणींना शिवणयंत्रावर घेतले आणि प्रत्येकीच्या चारही कडा दुहेरी दुमडून पक्क्या शिवल्या. जुन्या चादरीच्या फडक्यांना कोणी एवढे करते का? शेजारीण हसून म्हणालीसुद्धा की तुमची फडकी पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखी आहेत. पण बाईचे म्हणणे पक्के होते. कच्च्या कडेचे धागे सुटतात, सुटलेला धागा इंजिनात जातो आणि मग नवरा रात्री जेवताना कपाळाला आठ्या घालून बसतो. ते बघण्यापेक्षा शिवलेले बरे.

अशा रीतीने मी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आले. एका लांबट खोलीत दोन मोटारी मावतील एवढी जागा, भिंतीवर पाने मापाप्रमाणे ओळीने टांगलेले, कोपऱ्यात हात धुवायची मोरी आणि दाराशी एक लाकडी बाक. मिस्त्रींची शिस्त अशी की संध्याकाळी गॅरेज बंद करताना आम्ही बाराच्या बाराजणी मोजून खिळ्यावर अडकवल्या जायच्या. अकरा भरल्या तर शटर खाली येत नसे. कोणी थट्टा केली तर मिस्त्री म्हणत, फडके कुठे विसरले हे गाडी रस्त्यात बंद पडल्यावर कळण्यापेक्षा आताच कळलेले चांगले.

आमची कामे तशी साधीच होती. हात पुसायचे, ऑइलची पट्टी पुसायची, सांडलेले टिपायचे. पण एक काम मानाचे होते आणि ते बहुधा माझ्याकडे येई, कारण मी बहिणींत जरा जाड होते. मोटारीचे इंजिन श्वास घेते, हे तुम्हाला माहीत असेल. हवा गाळून आत नेणारा एक पाइप असतो. तो काढला की इंजिनाचा घसा उघडा पडतो. त्या घशात चुकून एखादा स्क्रू, एखादी चकती पडली तर ती थेट पोटात जाते आणि पुढचे विचारूच नका. म्हणून पाइप काढल्याबरोबर घशात फडक्याचा बोळा बसवायचा. तो बोळा म्हणजे मी. मी घशात बसले की कोणाची आत जायची टाप नसे. काम करणारे हात माझ्यावरून बिनधास्त फिरत आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

या कामाला जोडून मिस्त्रींचा एक नियम होता. जो घशात बोळा बसवेल, त्याने गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात घालायची. बोळा काढल्यावरच ती पुन्हा गाडीला लागायची. याचाच अर्थ, किल्ली गाडीत दिसली की घसा मोकळा आहे असे खुशाल समजावे. हा नियम पंचवीस वर्षे चालत आला होता आणि एकदाही चुकला नव्हता.

ती उड्या मारणारी मुलगी मोठी झाली आणि वडिलांच्या हाताखाली याच गॅरेजमध्ये शिकून तयार झाली. सगळे तिला धाकट्या मिस्त्री म्हणत. हात वडिलांसारखाच सफाईदार, पण गिऱ्हाइकांची खोड कोण मोडणार? दारात आलेला माणूस तिच्याकडे बघून न बघितल्यासारखे करी आणि विचारी, मिस्त्री कुठे आहेत? ती पाना हातात ठेवून शांतपणे विचारी, काय झालंय गाडीला? तरी तो माणूस आणखी एकदा आत डोकावून घेई.

मग मिस्त्रींच्या उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि बजावले की वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, आणि निदान आठवडाभर गॅरेजचे तोंड बघायचे नाही. गॅरेज धाकटीच्या गळ्यात पडले. पहिले दोन दिवस नीट गेले. आम्ही बाराजणी संध्याकाळी बाराच भरलो. तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या.

या सिस्टर म्हणजे एका इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत काम करणाऱ्या परिचारिका. मिस्त्रींचे हे जुने गिऱ्हाईक. त्यांची म्हातारी आई दुसऱ्या गावच्या इस्पितळात होती आणि तिला त्या दिवशी घरी सोडणार होते. अडीच तासांचा रस्ता, त्यातला बराचसा डोंगरातला, वळणावळणांचा आणि एका बाजूला खोल दरीचा. गाडी उभी असताना धडधडत होती, मधेच बंद पडत होती. सिस्टरांना तीन वाजता निघायचे होते. धाकटीने गाडीचा आवाज ऐकला आणि सांगितले की घशात काजळी धरली आहे, साफ केली की होईल, दुपारच्या आत देते.

तिने हवेचा पाइप काढला, घशात मला बसवले आणि किल्ली काढायला गेली. तेवढ्यात सिस्टर ओशाळून म्हणाल्या की फोन अगदी मरायला टेकला आहे, इस्पितळातून केव्हाही फोन येईल, तर गाडीत दहा मिनिटे लावून ठेवू का? किल्ली लावल्याशिवाय त्या गाडीत फोन चार्ज होत नसे. धाकटीचा हात क्षणभर थांबला. मी घशातून सगळे ऐकत होते, बरे का. नको, नको, असे मला ओरडावेसे वाटले. पण दहाच मिनिटांचा प्रश्न, समोर आईच्या काळजीत बुडालेली बाई आणि गॅरेजमध्ये दुसरे कोणीच नाही. धाकटीने किल्ली तशीच राहू दिली. मग ती साफसफाईचा फवारा आणायला समोरच्या दुकानात गेली आणि सिस्टर कोपऱ्यावर आईची औषधे घ्यायला गेल्या.

नेमके तेव्हाच मिस्त्री आले. घरी बसून बसून ते कंटाळले होते. बायको न्हायला गेली आहे एवढे बघून ते लहान मुलासारखे घरातून सटकले होते. आत येऊन बघतात तो गाडीचे बॉनेट वर आणि मुलीचा पत्ता नाही. ते गाडीच्या दाराशी गेले. किल्ली लावलेली होती. किल्ली गाडीत आहे म्हणजे घसा मोकळा आहे, हे त्यांच्या अंगात इतके भिनले होते की बॉनेटखाली बघायची त्यांना गरजच वाटली नाही. त्यांनी स्वतःचाच नियम पाळला. ते आत बसले, आपल्या सवयीने अ‍ॅक्सिलरेटर अर्धा दाबला आणि सेल्फ मारला.

मित्रांनो, आता नीट ऐका. एरवी मी घशात बसते तेव्हा सगळे शांत असते. त्या क्षणी मला आतून कोणीतरी धरून खेचले. मी काठाला चिकटून राहायची खूप धडपड केली, पण मी पडले कापड. माझी एक बाजू पिळवटून आत गेली. अंधार, उष्मा आणि पेट्रोलचा वास. घशाच्या पुढे चार वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला व्हॉल्व्ह नावाचे एक लहान दार असते. हवा आत जाताना ते उघडते आणि लगेच मिटते. माझा एक कोपरा तिसऱ्या वाटेने सरळ गेला आणि ते दार त्याच्यावर मिटले. इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले.

बाहेर मिस्त्री गाडीतून उतरले. घशातून लोंबणारे माझे टोक त्यांनी बघितले आणि काय झाले ते त्यांना कळले. पंचवीस वर्षांत आपल्या हातून असे झाले नव्हते. आणि माणूस घाबरला की जे करतो तेच त्यांनी केले. विचार न करता पक्कड उचलली, माझे टोक धरले आणि जोराने ओढले. मी जवळजवळ सगळी बाहेर आले. पण ज्या कोपऱ्यावर दार मिटले होते, तो काही सुटला नाही. मी फाटले. काड्यापेटीएवढा माझा तुकडा आत राहिला आणि उरलेली मी मिस्त्रींच्या हातात आले. त्याच घाईत त्यांनी मलाच हात पुसले, आणि माझी ताजी फाटलेली कड काळ्या ऑइलने माखून गेली.

धाकटी परत आली तेव्हा वडील बाकावर बसले होते आणि मी थाळीत होते. काय झाले ते त्यांनी खाली बघत सांगितले. तिने सांगितले की किल्ली मीच गाडीत ठेवली होती. मग तिने मला थाळीत पसरले आणि माझे कोपरे मोजले. एक, दोन, तीन. तिने पुन्हा मोजले.

मिस्त्री घाईने म्हणाले की हे फडके आधीपासूनच फाटके होते. कोपरा केव्हाच गेला असेल. बाकी सगळे बाहेर आले आहे, दोन वाजेपर्यंत गाडी परत जोडून देता येईल.

इथे, मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदा तोंड नसल्याचे दुःख झाले. मी सकाळपर्यंत चांगली धडधाकट, चार कोपऱ्यांची होते. माझा कोपरा आत आहे, तिसऱ्या वाटेत आहे, दाराच्या फटीत आहे, हे मला ठाऊक होते, कारण मी स्वतः एकाच वेळी तिथेही होते आणि इथेही. असेच जोडून दिले तर गाडी सुरू होईलही. घाट चढताना इंजिन तापेल, कोपरा सुटेल, दार अर्धवट उघडे राहील किंवा पिस्टनवर आदळेल, आणि गाडी भर वळणावर बंद पडेल. आत एक म्हातारी आजारी बाई असेल. हे सगळे मला स्पष्ट दिसत होते आणि मी थाळीत एका ओल्या बोळ्यासारखी पडून होते. आत अडकलेला तुकडा कुठे आहे ते सांगायला एक शब्द पुरला असता, पण चिंधीला शब्द कुठून येणार?

धाकटीने आईला फोन लावला. आई म्हणाली, रविवारी धुतली तेव्हा सगळी धड होती. मग जरा थांबून म्हणाली, की निदान मला तसे वाटते. बारा आहेत ग, शपथेवर कशी सांगू? आणि तुझे बाबा तिथे आले आहेत का? धाकटीने फोन ठेवला. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

तिने मला दिव्याखाली धरले. फाटलेली कड उलटसुलट करून बघितली. कड काळी होती, जुनी फाटलेली असावी तशीच. मी मनातल्या मनात आकांत करत होते. मिस्त्री बाकावरून म्हणाले की बघ, कड काळी आहे. मी तिच्या हातात होते, म्हणून मला कळले की तिलाही ते खरे मानायचे होते. तिच्या बोटांची पकड सैल झाली होती.

पण ती मला शिवणाऱ्या बाईचीच लेक. तिचे लक्ष माझ्या शिवणीकडे गेले. मी फाटले होते तिथे दुहेरी दुमडही फाटून उघडी पडली होती. तिने नखाने ती दुमड हळूच उलगडली. आत निळा रंग होता. बाईने दुमडून शिवले त्या दिवशीचा, स्वच्छ निळा. त्या दुमडीच्या आत इतकी वर्षे ना धूळ गेली होती, ना ऑइल. जुनी फाटलेली असती तर ती आतपर्यंत मळली असती.

“बाबा, हे आजचं फाटलंय,” ती म्हणाली.

मिस्त्री उठून जवळ आले. उघड्या डाव्या डोळ्याने त्यांनी ती निळी घडी बघितली, बराच वेळ बघितली. मग ते म्हणाले की मॅनिफोल्ड, म्हणजे ती चार वाटांची नळी, काढायला दीड तास आणि परत बसवायला तेवढाच वेळ जाईल, तीन वाजता गाडी मिळणार नाही, आणि सिस्टरांना काय सांगायचे? तेवढ्यात सिस्टर औषधांची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांना उशीर झाला होता, कारण दुकानात गर्दी होती. त्यांनी दोघांचे चेहरे बघितले आणि विचारले, काय झालं?

धाकटीने तोंड उघडले, पण मिस्त्री आधी बोलले. “गाडी मी सुरू केली. तिच्या घशात फडकं होतं. ते आत ओढलं गेलं, आणि त्याचा एक तुकडा अजून आत आहे.” ती म्हणाली की किल्ली ठेवण्याची चूक माझी. सिस्टर म्हणाल्या की फोनचा हट्ट तर माझा होता. मग त्यांनी पिशवी बाकावर ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारले, हे मोजून कळलं का? धाकटीने मान डोलावली.

सिस्टर म्हणाल्या, “आमच्याकडेही मोजतात. पोट शिवायच्या आधी आत ठेवलेलं प्रत्येक फडकं मोजायचं. एक जरी कमी भरलं तर शिवायचं नाही, मग डॉक्टर कितीही मोठा असो आणि कितीही घाईत असो. तू उघड. मी आईला फोन करते.”

आईचा फोन बराच लांबला. म्हातारी एकटीच सामान बांधून खुर्चीत बसली होती आणि सारखी विचारत होती की निघालीस का? सिस्टरांनी तिला खोटे सांगितले नाही. म्हणाल्या की गाडीत काहीतरी अडकलेय, ते काढल्याशिवाय येणार नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि बाह्या वर केल्या.

मग काम सुरू झाले. मिस्त्रींना वाकायची बंदी होती, म्हणून ते उभ्याने सांगत आणि धाकटी करत असे. एकेक बोल्ट सुटत होता आणि माझ्या अकरा बहिणींवर ओळीने मांडला जात होता. चार वाटांची ती नळी बाहेर निघाली तेव्हा दोन वाजून गेले होते. सिस्टरांनी टॉर्च धरला. धाकटीने छोटा आरसा आत सरकवला आणि पहिल्या, दुसऱ्या, मग तिसऱ्या वाटेत बघितले. दाराच्या फटीतून माझी निळीकाळी शेपटी बाहेर डोकावत होती.

“आहे,” ती म्हणाली. कोणी हसले नाही. दिसणे आणि निघणे यांत फार अंतर होते.

अडचण अशी होती की दार माझ्यावर मिटलेले होते. तसेच ओढले तर मी आणखी फाटणार आणि उरलेली आत पडणार. आत पडले की पूर्ण इंजिन खोलावे लागणार. दार उघडायला इंजिन हाताने फिरवायला हवे. पुढे फिरवले तर दार आणखी घट्ट मिटून मला कातरून टाकणार. मागे, अगदी एवढेसे मागे फिरवले, तर ते किंचित उघडेल. पण जास्त मागे गेले तर मी घसरून खाली जाणार. इंजिनाच्या खालच्या बोल्टला पाना लावून ते फिरवायचे होते. एकाच माणसाला पाना आणि चिमटा दोन्ही धरता येणार नव्हते.

धाकटीने वडिलांकडे बघितले. ते म्हणाले, मला दिसत नाही ग नीट. ती म्हणाली की तुम्हाला दिसायला नकोच, तुम्ही फक्त पाना धरा, मी सांगते. मिस्त्रींना वाकावे लागू नये म्हणून सिस्टरांनी बसायला बाक ओढून आणला. लांब दांडीचा पाना बोल्टला बसला. मिस्त्रींनी चांगला डोळाही मिटून घेतला. पुढे मला कळले की ते हातानेच इंजिनाचे ऐकत होते.

सिस्टर धाकटीच्या कानाशी हळू आवाजात सांगत होत्या की ओढू नकोस, नुसतं धरून ठेव, सुटेल तेव्हा ते स्वतः येईल. चिमट्याची टोके माझ्या आतल्या शेपटीवर मिटली. माझा जीव, जो काही असेल तो, त्या चिमट्यात होता.

“बाबा, मागे. थोडं.”

पाना हलला. काहीच झाले नाही.

“अजून थोडं. अजून. थांबा.”

मिस्त्री थांबले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून पट्टीपर्यंत आला होता आणि तो पुसायला त्यांना हात सोडता येत नव्हता. दाराची पकड सैल झाली, हे मला आतून कळले. एक केस जाईल एवढी फट. धाकटीने तरीही ओढले नाही. तिने दोन श्वास जाऊ दिले. मग मी तिच्या चिमट्याबरोबर, जशी तेलातून वात निघावी तशी, हळूहळू बाहेर सरकले. टॉर्चच्या उजेडात माझा तुकडा एकदा चमकला आणि थाळीत येऊन पडला.

धाकटीने मला आणि माझ्या तुकड्याला थाळीत शेजारी शेजारी ठेवले. फाटलेली कड फाटलेल्या कडेला जुळवली. चौकट चौकटीला लागली. एक धागासुद्धा कमी नव्हता. तिने तसे दोनदा तपासले आणि मग सिस्टरांना तपासायला सांगितले. सिस्टरांनी चष्मा लावून निळी रेघ निळ्या रेघेला मिळते का ते बघितले आणि मान डोलावली. तेव्हा कुठे मिस्त्रींनी पान्यावरचा हात काढला. तो इतका आखडला होता की बोटे उघडेनात.

सगळे परत जोडायला साडेचार झाले. गाडी सुरू करायची वेळ आली तेव्हा किल्ली धाकटीच्या खिशात होती. तिने ती सिस्टरांच्या हातात दिली आणि स्वतः बॉनेटपाशी उभी राहिली. सेल्फ लागला. पहिल्यांदा इंजिन नुसते घरघरले. माझी पाचावर धारण बसली. दुसऱ्यांदा सुरू झाले आणि एकसारखे, ठोका न चुकता चालू राहिले. तरीही धाकटीने त्यांना लगेच सोडले नाही. दहा मिनिटे गाडी उभी ठेवून ऐकली, मग गल्लीतून दोन चकरा मारून आणल्या, मग जाऊ दिले. जाताना सिस्टर म्हणाल्या, पोचले की फोन करते.

गाडी गेल्यावर गॅरेजमध्ये करायला दुसरे काही उरले नव्हते, पण दोघांपैकी कोणीही शटरकडे गेले नाही. धाकटीने हात धुतले, पाने पुसून जागेवर लावले, ते पुन्हा पुसले. मिस्त्री बाकावर बसून राहिले. आई येऊन नवऱ्याला रागावली आणि मग तीही बाकावर टेकली. डोंगराचा रस्ता सहाच्या सुमाराला लागेल, असा हिशेब तिघेही मनात करत होते. थाळीतली मीही करत होते. साडेसात वाजायला आले तेव्हा फोन वाजला. सिस्टर पोचल्या होत्या. चढावर गाडीने एकदाही कुरकुर केली नव्हती. मागून म्हातारीचा आवाज ऐकू येत होता. ती विचारत होती की नक्की काय अडकले होते.

फोन बंद झाल्यावर मिस्त्री मुलीकडे न बघता बोलले.

“ते फडकं जुनं फाटकं आहे असं मला वाटलं नव्हतं. तसं असावं असं मला वाटत होतं.”

“मलापण वाटत होतं, बाबा,” धाकटी म्हणाली. “पाच मिनिटं मलापण तेच वाटत होतं.”

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात अजूनही नीट उघडत नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घरी थांबले, आणि दारात येऊन कोणी मिस्त्री कुठे आहेत असे विचारले की धाकटी पहिल्यासारखीच शांतपणे विचारू लागली, काय झालंय गाडीला?

माझे म्हणाल, तर मला आता इंजिनाजवळ येऊ देत नाहीत. फाटक्या कडेचे फडके तिथे चालत नाही आणि ते बरोबरच आहे. मी मोरीशी असते. येणाऱ्याजाणाऱ्यांचे हात पुसते. मानाचे काम गेले याचे सुरुवातीला वाईट वाटले, थोडे अजूनही वाटते. रात्री कधी कधी तो अंधार आठवतो आणि मी ओली नसतानाही गार पडते.

मित्रांनो, तुमच्याही हातून कधीतरी काहीतरी असे निसटेल आणि दिसणार नाही अशा जागी जाऊन बसेल. तेव्हा कोणीतरी म्हणेल की ते आधीपासूनच नव्हते, आणि तुमच्या मनालाही ते पटावेसे वाटेल. माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, आम्हाला धुवून मोजून ठेवा, एवढी विनंती तर मी करतेच. पण त्याहून मोठी विनंती दुसरी आहे. त्या वेळी पाच मिनिटे थांबा आणि दुमड उलगडून आत बघा. जे आत अडकलेले असते त्याला हाक मारता येत नाही. आपण बघू, याच आशेवर ते तिथे वाट पाहत असते.